हूक लागल्यानंतरचा हिशोब

अमेरिकेतल्या ट्रक टोइंगच्या बिलात ‘गेट फी’ नावाची एक ओळ असते. यार्डचं फाटक उघडून गाडी बाहेर सोडण्याचे पैसे. गाडी आत त्यांनीच नेली, फाटक त्यांचंच, कुलूपही त्यांचंच, आणि ते उघडण्याचे दोनशे डॉलर आपण द्यायचे. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सिनियरला विचारलं, हे खरंच असतं का? तो म्हणाला, “असतं. आणि कामाच्या वेळेनंतर गेलात तर दुप्पट असतं.”

मी हडपसरला बसते. काम सांगितलं की नातेवाइकांना वाटतं कॉल सेंटर. तसं नाही. मिडवेस्टमधल्या एका छोट्या ट्रकिंग कंपनीचं मागचं ऑफिस आम्ही चालवतो. तिच्या गाड्या तिकडे धावतात आणि लोड बुक करणं, ड्रायव्हरशी बोलणं, डिझेलचे हिशोब, इन्शुरन्सचे क्लेम हे सगळं इकडून होतं. पुण्यात, नागपुरात, मोहालीत अशी पुष्कळ ऑफिसं आहेत. माझ्याकडे क्लेम आणि बिलं. म्हणजे ट्रक रस्त्यावरून घसरला की तो बघायला कोणी पुण्याहून जात नाही, पण त्याला ओढून नेल्याचं बिल मात्र पुण्यात वाचलं जातं.

आमचं घर मूळचं सांगलीचं. काकांच्या दोन गाड्या आहेत, मार्केट यार्डातून हळद आणि बेदाणा भरतात. त्यामुळे क्रेन म्हणजे काय, घाटात गाडी बंद पडली की काय होतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. खंबाटकीत काकांची गाडी एकदा मध्यरात्री अडकली तेव्हा क्रेनवाल्याने मागितलेल्या पैशांवर अर्धा तास घासाघीस झाली होती. मागून हॉर्नचा कल्ला चाललेला, काका बोनेटला टेकून शांतपणे आकडा खाली आणत होते. मी या नोकरीला लागले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, “पोरी, जे काय बोलायचं ते हूक लावायच्या आधी बोल. हूक लागला की तो बोलतो आणि आपण ऐकतो.”

अमेरिकेतल्या टोइंगच्या नियमांवर गेल्या काही वर्षांत जे काही लिहिलं-बोललं गेलं, त्यातलं बरंचसं मी वाचलंय. काकांच्या त्या वाक्याच्या पुढे त्यातलं फार थोडं गेलंय, असं माझं मत आहे.

गेल्या हिवाळ्यातलं एक बिल घेऊ. बर्फात आमची गाडी हायवेच्या मधल्या पट्ट्यात उतरली. उलटली नाही, काही सांडलं नाही, ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. मागे रीफर ट्रेलर, म्हणजे माल थंड ठेवणारा डबा, आत दही. पहाटे पाचच्या सुमाराला झालं. पोलिस आले, त्यांनी त्यांच्या यादीतली टोइंग कंपनी बोलावली. आमची शिफ्ट सुरू होऊन मी फोन हातात घेईपर्यंत गाडी यार्डात पोचलेली. बिल आलं ते असं:

रोटेटर, म्हणजे ती फिरत्या बूमची प्रचंड क्रेनगाडी, पाच तास, तासाला १,२०० डॉलर. सोबत दुसरा हेवी रेकर, म्हणजे गाड्या ओढून नेणारा जड ट्रक, पाच तास, तासाला ६५०. ‘सीन सुपरवायझर’, पाच तास, तासाला २५०. ‘इक्विपमेंट’ १,८०० डॉलर. कसलं इक्विपमेंट, ते लिहिलेलं नाही. या सगळ्यावर १२ टक्के फ्युएल सरचार्ज. अ‍ॅडमिन फी ४५०. तीन दिवसांचं स्टोरेज, ट्रॅक्टरचं, म्हणजे पुढच्या इंजिन-केबिनच्या गाडीचं, रोजचं १५० आणि मागच्या ट्रेलरचं वेगळं १५०. आणि आपली गेट फी. एकूण १५,३२६ डॉलर.

ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांचं भाडं वेगवेगळं का, तर ती कागदावर दोन वाहनं आहेत. यार्डात ती एकमेकांना जोडूनच उभी होती, हे फोटोत स्पष्ट दिसत होतं. पण ते एक वेळ सोडा. मला खटकले ते पाच तास. आमच्या गाडीत जीपीएस आहे. पोलिसांचा फोन टोइंग कंपनीला गेला सव्वापाचला, आणि आमची गाडी त्यांच्या यार्डात उभी राहिली सात वाजून वीस मिनिटांनी. दोन तास पाच मिनिटं. मी विचारलं, उरलेले तीन तास कुठून आले? उत्तर आलं: ‘पोर्टल टू पोर्टल’. म्हणजे मीटर त्यांच्या यार्डातून निघाल्यापासून चालू होतो आणि परत येऊन गाडी धुऊन, साखळ्या-पट्टे जागेवर लावून होईपर्यंत चालूच राहतो. वर किमान तासांची अट वेगळी. दुसऱ्या रेकरची गरज काय होती, तर ‘सुरक्षिततेसाठी’. ड्रायव्हरच्या एका फोटोत तो दुसरा रेकर शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, दिवे लावून उभा आहे, त्याच्या साखळ्या गुंडाळलेल्याच आहेत.

आता यात गंमत बघा. हे बिल अपारदर्शक होतं का? ‘इक्विपमेंट’ची ओळ सोडली तर नाही. प्रत्येक ओळीला नाव होतं, दर होता, गुणाकार बरोबर होता. मी दोनदा करून बघितला. पारदर्शकता म्हणजे ‘सविस्तर बिल द्या’ एवढाच अर्थ घेतला, तर हा कागद कुठल्याही परीक्षेत पास झाला असता. फक्त तो आमच्या हातात पडला तेव्हा गाडी त्यांच्या फाटकाच्या आत होती आणि दह्याची मुदत रोज एका दिवसाने कमी होत होती.

दही आमचं नव्हतं, ही खरी गोम. माल असतो दुसऱ्याचा, आणि तो खराब झाला तर ट्रकिंग कंपनीने भरून द्यायचा, असा तिकडचा जुना केंद्रीय कायदा आहे. चाळीस हजार डॉलरचा माल आत अडकलेला असताना पंधरा हजारांच्या बिलावर कोण भांडत बसेल? टोइंग कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. शिवाय क्रेडिट कार्ड चालत नाही. का चालत नाही? कार्डाचे पैसे नंतर बँकेमार्फत परत मागता येतात, म्हणून. वायर ट्रान्सफर करा, नाहीतर कॉमचेक, म्हणजे तिकडच्या ट्रकवाल्यांमध्ये चालणारा खास चेक, द्या. आमच्या मालकाने वायर केली, मी ईमेलमध्ये ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे पैसे देतोय पण बिल मान्य नाही, असं ठळक लिहिलं, गाडी सुटली. इन्शुरन्स कंपनीने पुढे बऱ्याच महिन्यांनी त्यातले काही हजार परत मिळवले. त्यातून आमचं डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आमच्या खिशातून जाणारा हिस्सा, सुटलं नाही.

हा आमच्याच नशिबाचा भाग आहे असं समजू नका. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूट नावाची ट्रक उद्योगाचीच संशोधन संस्था आहे. तिने २०२३ च्या नोव्हेंबरात यावर अहवाल काढला. सर्वेक्षणातल्या ८२.७ टक्के ट्रकिंग कंपन्यांनी अवाच्या सवा दरांचा अनुभव सांगितला. ही उद्योगाची बाजू, ती तक्रार करणारच, असं म्हणता येईल. पण त्यांनी अपघातानंतरच्या जड टोइंगची प्रत्यक्ष बिलंही तपासली, आणि त्यातल्या २९.८ टक्के बिलांत काही ना काही लुबाडणूक सापडली. मला हा दुसरा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो. तो उलट्या बाजूनेही वाचता येतो ना: दहातली सात बिलं ठीक होती. माझाही अनुभव साधारण तसाच आहे.

आणि त्या सातांबद्दल बोललंच पाहिजे. एक मोठा रोटेटर दहा लाख डॉलरच्या घरात जातो. तो दिवसरात्र तयार ठेवावा लागतो, शिकलेली माणसं पदरी ठेवावी लागतात, आणि ती माणसं ज्या ठिकाणी काम करतात तिथे बाजूने गाड्या सुसाट जात असतात. शोल्डरवर काम करताना टोइंगवाले मरतात, हे तिकडे नवीन नाही. भरलेली अठराचाकी ८०,००० पाउंडांपर्यंत असते, म्हणजे आपल्या हिशोबाने छत्तीस टन. ती उताणी पडली असेल आणि खाली डिझेल सांडलं असेल तर ते काम स्वस्तात होणारच नाही. पुन्हा असे ट्रकमालकही आहेत जे मोडलेली गाडी यार्डात सोडून गायब होतात आणि दुसऱ्या नावाने कंपनी काढतात. ते बुडीत पैसे टोइंगवाला कुठून काढणार? माझ्या बिलातून. मला ते कळतं. आवडत नाही, पण कळतं.

तर मग सरकार काय करतं?

इथे आपल्याकडच्या माणसाला वाटेल, केंद्राने एक नियम काढावा, झालं. तिकडचा गुंता वेगळा आहे. १९९४ साली अमेरिकन संसदेने कायदा केला की ट्रकिंगचे दर, मार्ग आणि सेवा यांच्यात राज्यांनी लुडबूड करायची नाही. हेतू चांगला होता, बाजार मोकळा व्हावा. पण टोइंगची गाडी हीही कायद्याच्या नजरेत मालवाहतूकच, त्यामुळे टोइंगच्या दरांवरचे राज्यांचे हातही बांधले गेले. १९९५ च्या अखेरीस दुसऱ्या कायद्यात एक फट ठेवली: मालकाच्या संमतीशिवाय झालेल्या टोइंगचे दर राज्यांनी ठरवायला हरकत नाही. मालकाने स्वतः फोन करून बोलावलं तर तो बाजाराचा सौदा. पोलिसांनी किंवा जागामालकाने उचलायला लावलं तर राज्य मध्ये पडू शकतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरोबर आहे की. पहिल्यात घासाघीस करता येते.”

फट ठेवली, पण त्यातून जायचं की नाही ते प्रत्येक राज्यावर सोडलं. २००२ साली ओहायोतल्या कोलंबस शहराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टोइंगच्या सुरक्षिततेचे नियम करण्याचा अधिकार राज्य आपल्या शहरांकडेही सोपवू शकतं. म्हणजे राज्याचे वेगळे, शहराचे वेगळे. आमची गाडी एका फेरीत पाच राज्यं ओलांडते, आणि ती कुठल्या राज्यात घसरणार हे ड्रायव्हर ठरवत नाही.

टेक्सासचं उदाहरण मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. तिथे टोइंग कंपनीला आणि गाड्या ठेवणाऱ्या यार्डालाही राज्याच्या खात्याचं लायसन्स लागतं. खासगी जागेवरून उचललेल्या गाडीसाठी वजनाच्या गटाप्रमाणे कमाल दर बांधून दिलेले आहेत. यार्डाचं रोजचं भाडंही ठरलेलं, पंचवीस फुटांहून लांब गाडीला वेगळं. आणि गाडी चुकीच्या कारणाने उचलली किंवा जास्त पैसे घेतले असं वाटलं तर शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून चौदा दिवसांच्या आत जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात, सुनावणी मागता येते. वकील लागतोच असं नाही. टेक्सासचं बिल आलं की माझं काम पाव होतं, कारण कशाशी ताडून बघायचं ते छापील समोर असतं.

मेरीलँडने २०२४ साली वेगळी गोष्ट केली. पोलिसांनी बोलावलेल्या जड गाड्यांच्या टोइंगमध्ये पाउंडावर पैसे लावायची पद्धत बंद केली. ती पद्धत काय होती ते सांगते. समजा पाउंडाला दहा सेंट. भरलेली गाडी ८०,००० पाउंड, म्हणजे ८,००० डॉलर. आता ती गाडी खड्ड्यात उताणी पडलेली असो किंवा शोल्डरवर नुसती पंक्चर होऊन उभी असो, वजन तेच, बिल तेच. हमालाने पोतं पाचव्या मजल्यावर नेलं की ओट्यावर ठेवलं हे न बघता नुसतं किलोवर पैसे मागावेत, तसं. तरी ही पद्धत एका अर्थाने पूर्ण पारदर्शक होती. दर माहीत, वजन माहीत, गुणाकार शाळेतलं पोर करेल. म्हणून मला मेरीलँडचा कायदा महत्त्वाचा वाटतो. दर दिसतो का, एवढ्यावर न थांबता त्यांनी विचारलं की दर कशावर लावलाय.

केंद्रातही हालचाल झाली. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने २०२३ च्या नोव्हेंबरात छुप्या आकारांविरुद्ध, ज्याला तिकडे ‘जंक फी’ म्हणतात, एका व्यापक नियमाचा मसुदा काढला. २०२४ च्या फेब्रुवारीत ट्रकच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या केंद्रीय खात्याने त्याला पाठिंबा दिला आणि टोइंगमध्ये ट्रकवाल्यांची लूट होते हा मुद्दा त्यात मांडला. जूनच्या २१ तारखेला त्या खात्याने याच विषयावर जाहीर बैठकही घेतली. टोइंगवाले, ट्रकवाले, सगळ्यांनी आपापलं मांडलं. आमच्या ऑफिसात दोन-तीन जणांना खरंच वाटलं होतं की आता काहीतरी होईल.

डिसेंबर २०२४ मध्ये अंतिम नियम आला. तो लागू कशाला? नाटक-मैफली-सामन्यांची तिकिटं आणि हॉटेलसारखा थोड्या दिवसांचा मुक्काम. बस्स. २०२५ च्या मे महिन्यापासून अमेरिकेत मैफलीचं तिकीट काढणाऱ्याला एकूण रक्कम सुरुवातीलाच दिसते. तिकीट महाग वाटलं तर तो घरी बसू शकतो. बर्फात अडकलेल्या ट्रकवाल्याला ती सोय नाही, आणि नियमही त्याच्यासाठी नाही.

अपघाताचं एवढं सांगितलं, पण दुसराही एक प्रकार आहे, लहान रकमांचा आणि जास्त चीड आणणारा. तिकडच्या ड्रायव्हरला एका पाळीत अकराच तास गाडी चालवता येते, आणि घड्याळ गाडीतच बसवलेलं असतं, लपवाछपवी चालत नाही. तास संपले की थांबायचंच. पण थांबायचं कुठे? तिकडे दर अकरा ट्रकांमागे पार्किंगची एक जागा असं सर्रास सांगितलं जातं. मग रात्री एखाद्या बंद मॉलच्या मागे गाडी लावून ड्रायव्हर झोपतो. सकाळी उठतो तर चाकाला बूट, म्हणजे आपल्याकडे वाहतूक पोलिस लावतात तो जॅमर. एका फोनवर पैसे भरले की वीस मिनिटांत निघतो. बोर्ड असतो, पण खांबामागे, कारच्या उंचीला, रात्री दिसणार नाही असा. केंद्रीय कायद्यात राज्यांना अशी मुभा आहे की खासगी जागेवरून गाडी उचलायला जागामालकाची आधी लेखी परवानगी किंवा त्याची हजेरी सक्तीची करता येते. सगळ्यांनी ती वापरलेली नाही. आमच्या एका ड्रायव्हरला मी विचारायला लावलं की जागामालकाचा कागद दाखवा. समोरच्याने बूट काढला आणि पैसे निम्म्यावर आणले. कागद शेवटपर्यंत दाखवला नाही.

माझ्या मते नुसतं ‘दर जाहीर करा’ हे अर्धं काम आहे. ज्या कंपनीला पोलिसांच्या यादीत जागा हवी तिने आपला पूर्ण दरतक्ता आधी जमा करावा आणि तो कोणालाही बघता यावा, हे झालंच पाहिजे. तास कुठून कुठपर्यंत मोजायचा हे कंपनीने ठरवायचं नाही. पण खरी कळ आहे ती ताब्यात. माल दुसऱ्याचा असेल तर तो लगेच सोडा, ट्रॅक्टर ठेवा. बिलातला जेवढा भाग दोघांना मान्य आहे तेवढा भरून गाडी सुटावी आणि उरलेल्यावर नंतर भांडावं. टोइंगवाल्यांचे पैसे बुडतील ही भीती खरी आहे, मग उरलेल्या रकमेची हमी इन्शुरन्स कंपनीने द्यावी. तशीही बिलं शेवटी तिच्याकडेच जातात. हे अवघड नाही. हे कोणाच्या तरी सोयीचं नाही, एवढंच.

तोवर आम्ही आमच्या पद्धतीने. ड्रायव्हरांच्या ग्रुपवर मी मेसेज पिन करून ठेवलाय. जिवाला धोका नसेल आणि पोलिस थांबू देत असतील तर हूक लागण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढ. आलेल्या प्रत्येक गाडीच्या दारावरचं नाव आणि नंबर टिप. कुठली गाडी नुसती उभी आहे तिचाही फोटो काढ. रेट शीट माग, नाही म्हणाले तर नाही म्हणाले असं व्हॉइस नोटमध्ये बोलून ठेव. कोऱ्या फॉर्मवर सही करू नको. आपलं यार्ड किंवा जवळचं डीलरचं वर्कशॉप जवळ असेल तर गाडी सरळ तिकडेच न्यायला सांग, त्यांच्या फाटकात जाऊच देऊ नको. आणि रीफर चालू आहे का बघ, डिझेल किती आहे त्याचा फोटो पाठव, कारण उद्या त्या रीफरमध्ये डिझेल भरल्याचे पैसेही ते लावतील.